अडीचशे ग्रॅमचे पाखरू

उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले, की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने दगडी देऊळ हळूहळू उघडे पडते. धरण १९८० साली पुरे झाले. भीमाकाठची गावे बुडाली, माणसे वरच्या माळावर आली आणि पळसनाथाचे देऊळ खालीच राहिले. गाव सोडलेल्यांची नातवंडे आज लंडनला, न्यू जर्सीला, म्युनिकला नोकऱ्या करतात. सुट्टीला येताना त्यांतल्या कुणाच्या मनात येते, की एक ड्रोन आणावा, पाण्यावर सोडावा आणि आजोबांना त्यांचे बुडालेले गाव वरून दाखवावे.

हौस मोलाची आहे. पण पळसदेवच्या आधी मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सचे टेबल लागते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात आपल्याकडे बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. 'विकायला नव्हे हो, आजोबांसाठी आणलाय' हे उत्तर कितीही खरे असले तरी तिथे चालत नाही.

उलट दिशेचा प्रवास अधिक मजेचा. बारामतीत लग्नांचे चित्रण करणारा एखादा तरुण यंत्र घेऊन परदेश पाहायला निघाला, असे समजा. खोक्यावर 'वजन २४९ ग्रॅम' असे ठळक छापलेले असते आणि त्या आकड्यावर त्याची भारी भिस्त असते. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतचे यंत्र 'नॅनो' ठरते. उडवणाऱ्याला परवाना लागत नाही. अमेरिकेतही हौसेसाठी एवढ्या वजनाची नोंदणी लागत नाही, मात्र एक छोटी, फुकट परीक्षा द्यावी लागते. आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला मज्जाव आहे. युरोपीय संघात वजन कमी असले तरी कॅमेरा दिसला की मालकाने नोंदणी करायचीच. बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात प्रथम उडवायचे तिथे. ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा शंभर ग्रॅमवर आणली. यंत्र तेच, वजन तेच. सरहद्द ओलांडली की कायदा निराळा. मोरोक्कोत तर ते विमानतळावरच अडवले जाते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला यंत्रापेक्षा कागदांची काळजी अधिक. परदेशी जाताना आपल्याच कस्टम्सकडून त्या वस्तूचा निर्यात दाखला घ्यावा. त्यावर यंत्राचा क्रमांक असावा. परतताना 'ही वस्तू इथूनच नेली होती' हे सांगायला तोच आधार. सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच, टोकांना चिकटपट्टी लावून. सामानात टाकलेल्या चालत नाहीत. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, तरी विमान कंपनीला विचारलेले बरे.

मग आजोबांचे काय? ड्रोन इथलाच घ्यावा, किंवा नोंदणी केलेला ड्रोन असलेल्या स्थानिक छायाचित्रकाराला सांगावे. त्याच्या दिवसाचे पैसे कस्टम्समध्ये अडकलेल्या यंत्रापेक्षा स्वस्तच पडतात. 'डिजिटल स्काय'च्या नकाशात हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत मोकळीक असते. चालू विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते, त्याहून जवळ परवानगीशिवाय जायचे नाही. बारामतीची धावपट्टी आणि तिथले वैमानिकांचे प्रशिक्षण सर्वांना ठाऊक आहे. शिवाय पोलीस एखादा परिसर ९६ तासांपर्यंत तात्पुरता बंद करू शकतात. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे सरकते, बेलवडीला रिंगण होते, तेव्हा वरून चित्र घ्यायचा मोह कुणाला होत नाही? त्या दिवसांत आधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी.

भिगवणकडे मात्र मी कोणत्याही परवान्याने ड्रोन नेऊ नये असे म्हणेन. हिवाळ्यात उथळ पाण्यात चरणारे रोहित पक्षी डोक्यावर घरघर आली की थवाच्या थवा उठतात. चित्र सुंदर मिळते, त्यांची खाण्याची वेळ जाते. तिथे कोळ्यांच्या होड्या आहेत, दुर्बीण आहे.

पळसदेवला उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना जावे. सकाळी वारा कमी असतो. आजोबांना काठावर सावलीत बसवून पडदा त्यांच्या हातात द्यावा आणि विहीर कुठे होती, वाडा कुठे होता, हे त्यांनीच सांगावे; उडवणाऱ्याला ते ठाऊक नसते.