सत्तर पानांचे पुडके

आम्ही दोघी शिक्षणसेवक. एकीचे माहेर बल्लारपूरचे, दुसरी नागभीडकडची. नेमणूक मिळाली गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावात. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, इयत्ता 1 ली ते 4 थी. तीन वर्षे महिना 16,000 रुपये मानधन, मग कायम वेतनश्रेणी, असा आमचा हिशेब. घरच्यांनी विचारले होते, "इतक्या लांब?" नोकरी होती, म्हणून आलो.

मार्च 2025 मधल्या एका आठवड्याबद्दल हे लिहीत आहोत. रमजान चालू होता. आमच्यापैकी एकीचे रोजे, म्हणून सेहरीला दोघीही उठायचो. एक जेवायची, दुसरी चहा घेत सोबत करायची. खिडकीतून पाहिले की अंधारात बॅटरीचे उजेड हलताना दिसत. बाया आणि पोरे टोपल्या घेऊन मोहाकडे निघालेली असत. मोहफूल पहाटे गळते. उशीर केला तर गुरे आणि हरणे खाऊन जातात. म्हणजे गावाचा आणि आमचा उठण्याचा वेळ एकच. फक्त उन्हामुळे शाळाही सकाळची झालेली होती, आणि तिथेच सगळे अडायचे. सोमवारी पहिलीच्या 12 मुलांपैकी 5 हजर.

त्या पाचांत एक मुलगी होती. जूनपासून वर्गात जवळजवळ गप्प. सोमवारी चित्रवाचनाची पडताळणी घेतली. कोंबडीच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" ती हळूच म्हणाली, "कोर." आम्हाला वाटले, चित्र पुसट आहे, पोर कागद कोरा आहे असे सांगतेय. पुढचे चित्र पाण्याचे. "एर." तिथेही फुली. नोंदवहीत शेरा लिहिला: प्रतिसाद नाही. निपुणच्या तक्त्यात तिचे नाव सर्वांत खालच्या रकान्यात गेले. हा तक्ता शनिवारी वर पाठवायचा होता, आणि एकदा असा शिक्का बसला की पुढच्या वर्षीची शिक्षिकाही त्याच नजरेने पाहते, हे आम्हाला ठाऊक होते.

मंगळवारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सहज ही गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की हातातली पळी खाली ठेवावी लागली. गोंडीत कोंबडीला कोर म्हणतात आणि पाण्याला एर. पोरीने दोन्ही उत्तरे बरोबर दिली होती. नापास आम्ही झालो होतो.

बल्लारपूरवालीला हे जास्त लागले. तिच्या घरी अम्मी-अब्बांची बोली "मेरेको, तेरेको" वाली. पहिलीत मराठी शाळेत गेली तेव्हा पेन्सिल हरवली हे सांगता न आल्याने ती अर्धा दिवस रडत बसली होती. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची पोरे हे आजही भोगत असतील. घरात एक बोली, मदरशात दुसरी, शाळेत तिसरी. तरी आपल्या पोरांना हिंदी-उर्दूची मराठीशी थोडी ओळख असते. गोंडी तर तेलुगूच्या कुळातली, द्राविडी. मराठीशी तिचे नाते शेजारचे, रक्ताचे नाही.

कायदा पोरीच्या बाजूने आहे. घटनेचे कलम 350-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 हेच म्हणते, शक्य तितके असे शब्द घालून. त्या 'शक्य तितके' मध्ये सगळे मावते. 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून अधिक लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, पण आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. डी.एड. करताना आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते.

बुधवारपासून मावशींना रोज अर्धा तास वर्गात बसवले. चित्र दाखवायचे, मुले गोंडीत सांगणार, आम्ही फळ्यावर देवनागरीत लिहायचे, शेजारी मराठी शब्द. आमचे उच्चार ऐकून वर्ग हसायचा. ती गप्प मुलगीही हसली. गुरुवारी तिने खडे मांडले, उंदी, रंड, मूंद, नालुंग असे दहापर्यंत मोजले, आणि आम्ही चुकलो तेव्हा आमचे बोट धरून मागे नेले.

तिसरीतल्या एका मुलाचेही सांगायला हवे. 14 पंचे किती, हे त्याला पाटीवर येत नव्हते. शुक्रवारी पळसाची पाने गोळा करायला लावली. इकडे मे महिन्यात तेंदूपाने तोडली जातात. 70 पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, आणि मजुरी पुडक्यांवर. पोराने पाच-पाच पाने उचलत सत्तरचे पुडके क्षणात बांधले. किती वेळा उचललीस? "चौदा." मग तोच पाटीकडे पाहत राहिला. हाच मुलगा मधल्या सुट्टीत विचारून गेला, मॅडम खिचडी का खात नाही, घरी भांडण झाले का? रोजा समजावून सांगितला. त्यालाही आईने पहाटे उपाशीच मोहाला नेले होते, असे तो म्हणाला.

शनिवारी तक्ता पाठवायच्या आधी जुना शेरा खोडला. रकान्यात जागा कमी होती, म्हणून समासात लिहिले: सर्व चित्रे ओळखते. गोंडीत 10 पर्यंत मोजते. मराठी शब्द 11. त्याखाली, कोणी विचारले नव्हते तरी: शिक्षिकांचे गोंडी शब्द 9.

ती त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली. ओढणीच्या टोकाला मोहफुले बांधलेली. हजेरी पूर्ण लावली.