सजगता

आपण या क्षणी काय करीत आहोत, शरीरात व मनात काय घडत आहे आणि भोवतालची परिस्थिती कशी आहे, याचे स्पष्ट भान ठेवून वागण्याच्या वृत्तीस ‘सजगता’ असे म्हणतात. याउलट, अंगवळणी पडलेली कृती तिच्याकडे लक्ष न देता पार पाडणे, यास यांत्रिक किंवा स्वयंचलित वर्तन म्हणतात. घराबाहेर पडल्यावर कुलूप लावले की नाही अशी शंका येणे, जेवण झाल्यावर पानात काय होते ते न आठवणे, सुटीच्या दिवशीही पावले कार्यालयाच्या वाटेला लागणे, ही अशा वर्तनाची परिचित उदाहरणे होत. सजगता व एकाग्रता या निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाग्रतेत चित्त एका विषयावर स्थिर केले जाते. सजगतेत चित्त कोठे आहे, याचीच जाणीव प्रमुख असते.

यांत्रिक वर्तनाचे स्वरूप : सवय ही मानवी जीवनातील एक मोठी सोय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी (१८९०) या ग्रंथात सवयीची मीमांसा केली आहे. सवयीमुळे कृती सोपी व अचूक होते, थकवा कमी येतो आणि तिच्यासाठी लागणारे अवधानही कमी होते, असे त्यांनी दाखवून दिले. चालणे, लिहिणे, सायकल चालविणे यांतील प्रत्येक हालचाल दरवेळी विचारपूर्वक करावी लागली असती, तर माणसाला दुसरे काहीच करता आले नसते. वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी १९७७ मध्ये मानसिक प्रक्रियांचे ‘नियंत्रित’ व ‘स्वयंचलित’ असे दोन प्रकार मांडले. नियंत्रित प्रक्रिया मंद असून तिला अवधान लागते. दीर्घ सरावाने ती स्वयंचलित झाली, की ती जलद व अल्पश्रमाची होते, परंतु एकदा सुरू झाल्यावर ती थांबविणे किंवा बदलणे कठीण जाते. सवयी रुजण्यात मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या तंत्रिका कोशिकांच्या समूहांचा महत्त्वाचा वाटा असतो.

यांत्रिकतेचा दोष तिच्या याच गुणातून उद्‌भवतो. परिस्थिती नेहमीसारखी असते तोवर सवय बिनचूक काम करते. परिस्थिती बदलली, तरी ती जुन्याच मार्गाने जाते. एलेन लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशी असलेल्या व्यक्तीला, आपणास आधी प्रती काढू द्याव्यात, अशी विनंती करण्यात आली. पाच पानांची विनंती कारणाशिवाय केली असता ६० टक्के व्यक्तींनी ती मान्य केली. घाई असल्याचे खरे कारण सांगितल्यावर हे प्रमाण ९४ टक्के झाले. परंतु ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ असे पोकळ कारण दिले, तेव्हाही ते ९३ टक्के होते. कारणाचा साचा ऐकला गेला, आशय नव्हे. मात्र वीस पानांची विनंती केली, तेव्हा पोकळ कारणाचा काहीही उपयोग झाला नाही. गैरसोय वाढताच अवधान जागे झाले, असा याचा अर्थ लावण्यात आला.

हात सवयीने चालत असताना मन बहुधा अन्यत्र असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसात अवचित विचारलेल्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांपैकी सुमारे ४७ टक्के उत्तरांत मन हातातील कामावर नसल्याचे आढळले आणि अशा वेळी व्यक्ती सामान्यतः कमी समाधानी होत्या.

परंपरेतील सजगता : या विषयाचा सर्वांत पद्धतशीर प्राचीन विचार बौद्ध परंपरेत आढळतो. पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. आठवण ठेवणे हा तिचा मूळ अर्थ. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म अशी सतीची चार अधिष्ठाने सांगितली आहेत. त्यातील संपजञ्ञ (संप्रजन्य) प्रकरणात जाणे-येणे, अवयव आखडणे व पसरणे, चीवर धारण करणे, खाणे-पिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे व मौन या सर्व क्रिया जाणीवपूर्वक कराव्यात, असे सांगितले आहे. साधनेसाठी वेगळे काम न निवडता नित्याची कामेच साधनेचे क्षेत्र मानणे, हा या उपदेशाचा विशेष होय. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द योजला आणि पुढे तोच रूढ झाला.

महाराष्ट्रात समर्थ रामदासांविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लग्नप्रसंगी ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, असे सांगतात. विधीचा भाग म्हणून सर्वांच्या कानांवरून जाणारा शब्द एकाने अर्थासह ऐकला, हे या कथेचे मर्म होय.

आधुनिक प्रसार व उपयोजन : ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये भारतात आलेल्या सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी त्याच वर्षी मुंबईत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे ‘धम्मगिरी’ हे केंद्र सुरू झाले. व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांचे द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस हे पुस्तक युद्धकाळात समाजसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांना लिहिलेल्या पत्रातून तयार झाले. भांडी घासताना केवळ भांडी घासावीत, हा त्यातील दृष्टांत सर्वपरिचित आहे.

वैद्यकात या विचाराचा उपयोग जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट वेदना व मानसिक ताण असलेल्या रुग्णांसाठी त्यांनी आखलेला कार्यक्रम आठ आठवड्यांचा असून त्यात एकच बेदाणा पाहत, हुंगत, सावकाश चावत खाण्याचा पाठ असतो. सजगतेवर आधारलेली बोधात्मक उपचारपद्धती वारंवार उद्‌भवणाऱ्या विषादावर उपयुक्त ठरली आहे. खिन्न विचारांची साखळी सवयीने सुरू होते. ती सुरू होत असतानाच ओळखणे, हे तिचे तत्त्व होय.

औद्योगिक सुरक्षिततेतही हेच तत्त्व आढळते. जपानी रेल्वेवरील कर्मचारी सिग्नल वा वेगदर्शक यांकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तेथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ मधील प्रयोगात या पद्धतीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. भारतीय रेल्वेतही लोको पायलट व त्याचा साहाय्यक यांनी सिग्नलची स्थिती परस्परांना मोठ्याने सांगावी, असा नियम आहे. रोज दिसणारा सिग्नल आज वेगळा असू शकतो, हे अशा उच्चारामुळे ध्यानी येते. तथापि उच्चार स्वतःच यांत्रिक होण्याचा धोका राहतोच.

मर्यादा : सजगता हा सर्व व्याधींवरील उपाय नव्हे. ध्यानाधारित कार्यक्रमांविषयीच्या ४७ चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, विषाद व वेदना यांत मध्यम पुराव्याने थोडी सुधारणा आढळली. परंतु औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा हे कार्यक्रम अधिक गुणकारी असल्याचे दिसले नाही. तीव्र मानसिक आघात झालेल्या काही व्यक्तींना दीर्घ ध्यानाने त्रासही होऊ शकतो. तसेच निष्णात वादक किंवा खेळाडू आपल्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवू लागला, तर त्याचे कौशल्य ढासळते. म्हणून सवयी नाहीशा करणे हे सजगतेचे उद्दिष्ट नाही. सवयीने वाचविलेले अवधान कोठे खर्च होते आणि सवय पुरेशी नाही असा क्षण वेळीच ओळखता येतो की नाही, यांवर तिचे मोल ठरते. पायऱ्या उतरणे, रस्ता ओलांडणे, औषधाची मात्रा मोजणे, घरच्या माणसाचे बोलणे ऐकणे, ही कामे नित्याची असली, तरी त्यांतील चुकीची किंमत मोठी असते. अशा कामांच्या आरंभी क्षणभर थांबून समोरील स्थिती पाहणे, ही सजगतेची सर्वांत साधी व व्यवहार्य पद्धती होय.