कोकणातले शेत आणि परळची खोली

परळ-लालबागच्या जुन्या चाळीत एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, "तुमचं गाव कोणतं?" तो मुंबई म्हणणार नाही. चिपळूण, राजापूर, मालवण असे काहीतरी सांगेल. तीन-चार पिढ्या मुंबईत गेल्या, तरी गाव तिकडेच. असे का? ते समजायला एक शेतकरी घर डोळ्यांपुढे आणू. त्याला नाव देत नाही, कारण अशी घरे हजारो आहेत.

पणजोबांपासून सुरुवात करू. कोकणात पाऊस भरपूर, पण जमीन डोंगरउताराची. खाली थोडे भात, वर वरकस जमिनीत नाचणी. त्यात गाव खोताचा. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा. पिकाचा मोठा वाटा तोच नेई. होळी झाली की कणगीचा तळ दिसू लागे.

इकडे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबाग भागात धुराडीच धुराडी झाली. पणजोबा आगबोटीने मुंबईला आले. गावच्या ओळखीने मुकादमाने त्यांना गिरणीत चिकटवले. मुकादमाचा हात ओला करावा लागे, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली ती मिळाली.

पणजोबा एकटेच आले होते. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण राहत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. जेवण खाणावळीत. ही खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे बरं का! एखादी बाई आपल्याच खोलीत दहा-वीस जणांचे रांधून वाढी. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांची अन्नपूर्णा ही संस्था उभी केली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर त्या सावकाराच्याच दारात.

पगार झाला की गावी मनिऑर्डर. त्या पैशांतून बैल आला, घरावर कौले आली, बहिणीचे लग्न झाले. आणि गिरणीत संप झाला की हाच माणूस गावी जाऊन शेतातले खाई. पण शेतावर राबत कोण होते? पणजी! लावणी, कापणी, गुरे, सासू-सासरे, सारे तिच्या माथी. तिला वाचता येत नव्हते. मनिऑर्डरीवरचे दोन शब्द पोस्टमन वाचून दाखवी. नवरा-बायकोचे बोलणे, तेही तिसऱ्याच्या तोंडून!

आजोबांच्या वेळी खोती गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली त्यासाठी कायदेमंडळात विधेयक मांडले. १९३८ साली शेतकऱ्यांनी मुंबईत मोठा मोर्चा आणला. कायदा मात्र १९४९ साली झाला. कसणाऱ्याला जमीन आपल्या नावावर करून घेण्याची वाट मोकळी झाली.

वडील साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. बिऱ्हाडे गावी गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. पुढे एकेक गिरणी बंद झाली आणि त्या जमिनींवर उंच इमारती, मोठी दुकाने आली.

गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले. २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज मात्र लाखाच्या वर होते. अर्ज करणाऱ्याला पुरावा हवा: गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड. ज्या घरी आजीने ट्रंकेत हे कागद जपले, त्यांचे काम सोपे झाले. ज्या घरी ते रद्दीत गेले, तिथे नातवंडांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

गावच्या जमिनीचेही तसेच. अशा पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव असते. ते वारले, आजोबा वारले, नोंद कोणी केली नाही. घरातले माणूस वारले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे लागते. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे द्यायची. पोहोच मागून घ्यायची. वारसांत मुलीही येतात. लग्न होऊन लालबागला गेलेली आत्यासुद्धा. तिचे नाव गाळलेले दिसले, तर अंगठा देऊ नये, सही तर मुळीच करू नये.