कॉलेजांतील पहिलें वर्ष व मनाची खिन्नता

शाळा सोडून विद्यार्थी कॉलेजच्या वसतिगृहांत राहावयास गेला म्हणजे झोंपेची वेळ, घरची पंगत व रोजचे सवंगडी हीं तिन्ही एकदमच सुटतात. खिन्नतेच्या विकाराला अशा वेळीं वाट सांपडते. परीक्षेनंतरची चार दिवसांची उदासी म्हणजे हा विकार नव्हे. दोन आठवडे वा अधिक काळ मन बहुतेक रोज उदास असणें, आवडत्या खेळांतही गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें, वाचलेलें डोक्यांत न शिरणें, हीं त्याचीं लक्षणें होत. वडील माणसें यालाच आळस म्हणतात, आणि मुलगा अधिकच गप्प होतो!

वेळेवर झोंप, रोज मैदानावर थोडा व्यायाम व मित्रांसमवेत जेवण एवढें विद्यार्थ्यानें सांभाळावें. परंतु आमच्या मतें मोठा उपाय पालकांच्याच हातीं आहे. मुलाशीं बोलतांना प्रकृतीची चौकशी आधीं करावी, गुणांची मागाहून. नापास झालों तरी घरीं सांगतां येईल, ही खात्री त्यास असूं द्यावी. मरणाची भाषा त्याच्या तोंडीं आल्यास मात्र त्यास एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेथें मराठींतही बोलतां येतें.