काचपेटीतील कांदळ आणि बोटावरची गाठ
खाडीकाठच्या चिखलात तग धरणारा कांदळ आता दिवाणखान्यातील मत्स्यपेटीतही वाढवला जातो. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब, हिरव्या शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते. त्याचा खालचा भाग पाण्यात व शेंडा मोकळ्या हवेत ठेवून भरपूर उजेड दिला, की ते सावकाश मुळे सोडते. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. मला या छंदाचे मोल वाटते ते त्यामुळेच. (रोप मात्र रोपवाटिकेतूनच घ्यावे. महाराष्ट्रातील खारफुटीच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच बंदी घातली आहे.)

शेंडा बाहेर हवा, म्हणून पेटीला झाकण बसत नाही. मासे नसलेल्या अशा उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. दोन-चार गप्पी सोडावेत. निमखारे पाणीही त्यांना मानवते.

हातांविषयीची गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. मत्स्यपेटीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू असू शकतो. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. पण त्याला शरीराची ऊब सोसत नाही, म्हणून तो बहुधा हाताच्या त्वचेतच मुक्काम करतो. मुळे सारखी करताना किंवा खडे घासताना बोट खरचटलेले असेल, तर तेथून तो आत शिरतो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही, पण बरीही होत नाही. पुढे हातावर ओळीने आणखी गाठी उठू शकतात. तोवर पेटी साफ केल्याचा दिवस कोणाच्या स्मरणात राहिलेला नसतो. कोणी तिला चामखीळ समजतो, कोणी स्टेरॉइडचे मलम चोळत बसतो.

निदान अडते ते येथेच. प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू 37 अंश सेल्सिअसला वाढवतात. याला साधारण 30 अंश मानवतात. शंका आधी कळवली नाही, तर तपासणीत काहीच न सापडण्याचा संभव असतो. योग्य औषधांनी गाठ बरी होते, परंतु ती कित्येक महिने घ्यावी लागतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, एवढा घरच्यांना दिलासा.

तेव्हा लांब रबरी हातमोजे वापरावेत, नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, आणि पेटी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. अशी गाठ दाखवायला जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, की घरी मत्स्यपेटी आहे.