रक्तवाहिन्यांवरील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि आपली हळद

कुपवाड (ता. मिरज) येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत हळद लागवडीवर चर्चा चालू असताना एका वयस्क शेतकरी बंधूंनी विचारले, "साहेब, मी रोज रात्री हळदीचे दूध घेतो. रक्तदाबाची गोळी बंद केली तर चालेल का?" 'चालणार नाही' एवढेच उत्तर त्या वेळी देता आले. परंतु ते का चालणार नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही आणि गोळी सोडल्याचा परिणाम कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणजे काय?

पॅराक्वाट फवारलेले तण भर उन्हात काही तासांतच करपते. हे तणनाशक पानातील प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेतून इलेक्ट्रॉन ओढून घेऊन ते प्राणवायूस देते. त्यातून 'सुपरऑक्साइड' हा अत्यंत क्रियाशील घटक तयार होतो व त्यामुळे पेशींची आवरणे फाटतात. सुपरऑक्साइड थोड्या प्रमाणात आपल्या शरीरातही सतत तयार होत असतो. त्याचा बंदोबस्त करणारे 'सुपरऑक्साइड डिसम्युटेज' हे विकर मॅककॉर्ड व फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. ते वनस्पतीत व माणसात, दोहोंतही आढळते. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांत जस्त, तांबे व मंगल ही आपल्या परिचयाची सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. निर्मिती जास्त व बंदोबस्त कमी, अशा स्थितीस ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

रक्तवाहिनीत काय बिघडते?

रक्तवाहिनीस आतून पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवरील प्रयोगात दाखविले की, अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनमुळे रक्तवाहिनी सैल पडते; अस्तर घासून काढल्यास ती सैल पडत नाही. अस्तरातून निघणारा हा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सुपरऑक्साइडची गाठ पडताच नायट्रिक ऑक्साइड क्षणात नष्ट होतो. रक्तवाहिनी आखडलेली राहते व रक्तदाब वाढतो. शिवाय या संयोगातून होणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड तयार करणारी यंत्रणाच बिघडवतो. मग तीच यंत्रणा उलट सुपरऑक्साइड तयार करू लागते. पाटाला पडलेले भगदाड वेळीच न बुजविल्यास रुंदावत जाते, तसाच हा प्रकार आहे. तेल खवट व्हावे त्याप्रमाणे रक्तातील कोलेस्टेरॉलचे कणही बिघडतात आणि अस्तराखाली थर साचू लागतो.

तंबाखूचा व चुलीचा धूर, मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या ताणाची प्रमुख कारणे होत.

हळद किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या का पुरत नाहीत?

हळदीतील कुरकुमीन परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखते, हे खरे आहे. परंतु आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. गोळ्यांचा अनुभवही निराशाजनक आहे. 'होप' या चाचणीत सुमारे ९,५०० रुग्णांपैकी निम्म्यांना चार-साडेचार वर्षे जीवनसत्त्व 'ई' दिले; २००० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकारात फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये आढळले. याचे एक कारण असे की, सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडशी इतक्या वेगाने संयोग पावतो की जीवनसत्त्वास मध्ये पडण्यास वावच मिळत नाही. म्हणून भगदाड बुजविणे, म्हणजे ताणाचे मूळ कारण दूर करणे, हाच खरा उपाय आहे.

काय करावे?

१) बिडी, सिगारेट, तंबाखू व मिश्री पूर्णपणे बंद करावी.

२) तिशीनंतर वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

३) रोजचे मीठ सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे व पापडातील मीठही त्यात धरावे.

४) शेतीची कामे नसतील त्या दिवसांत रोज अर्धा तास भरभर चालावे. रक्ताचा प्रवाह वाढला की अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक निघतो.

५) पालक, मेथी, बीट आहारात ठेवावे. त्यांतील नायट्रेटपासूनही शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो.

६) डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्तदाबाची गोळी बंद करू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल परस्पर घेऊ नयेत.

सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांस अभिमानाची बाब आहे. हळद पिकवावी, भाजी-आमटीत वापरावी, आवडत असल्यास दुधातूनही घ्यावी. गोळी मात्र चालूच ठेवावी.