नमुना ‘ड’मधला पुरोहित

महाराष्ट्रात झालेल्या लग्नाची नोंद करायची तर ‘नमुना ड’ भरावा लागतो. सरकारी भाषेत त्याला विवाह नोंदणीचं ज्ञापन म्हणतात. वराचं नाव, वधूचं नाव, दोघांची वयं, लग्नाची तारीख, लग्नाचं ठिकाण, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, पत्ता, सही. सोबत लग्नपत्रिका आणि लग्नातला एखादा फोटो. पुण्या-नाशकात या रकान्यांशी कुणाचं अडत नाही. भटजी किंवा काझी सही करून मोकळे होतात, पत्रिकांचे गठ्ठे उरलेलेच असतात आणि फोटोंना तर तोटाच नसतो.

हाच कागद गडचिरोली जिल्ह्यात भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यात माडिया गोंड आदिवासींच्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर नेला, की नावांच्या पुढे पेन सरकत नाही. पत्रिका छापलेली नसते. पुरोहित म्हणावा तर गावचा गायता, आणि त्याला सहीऐवजी अंगठा येतो. सगळ्यात अवघड रकाना तारखेचा. कित्येक घरांत मुलगी आधी नांदायला येते. सोयऱ्यांची बोलणी झालेली असतात, गावाला ठाऊक असतं, भांडण नसतं. सगळ्या गावाला आणि सोयऱ्यांना घालायचं जेवण मात्र पैसा जमेल तेव्हा, म्हणजे कधी कधी पोरं अंगणात खेळायला लागल्यावर. मग लग्न झालं कधी? ती घरात आली त्या दिवशी, की जेवण झालं त्या दिवशी? गावाला हा प्रश्न पडत नाही. फॉर्मला पडतो.

कायदा वाईट हेतूने लिहिलेला नाही. ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम’ १९९८चा. त्याआधी १९५३चा मुंबईचा कायदा होता. नव्या कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या हद्दीत विवाह निबंधकाचं काम ग्रामसेवकाकडे आलं, म्हणजे कचेरी माणसाच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणली गेली. लग्नानंतर ९० दिवसांत ज्ञापन द्यायचं. उशीर झाला तर जादा शुल्क भरून नोंद होते. कागदावर याहून सोपं काय असणार?

पण एका पंचायतीत जंगलात विखुरलेली अनेक गावं आणि टोले असतात आणि एका ग्रामसेवकाकडे पुष्कळदा एकाहून जास्त पंचायती. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे तर दरवर्षी वर्तमानपत्रात येतंच. त्यात पत्रिका नाही म्हणून प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं, की त्यासाठी पुन्हा तालुक्याचं गाव गाठायचं. पद गावातलं आणि कागद तालुक्याचा, असं होऊन बसतं. (२०२४मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं गेलं. लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

अंतरापेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणूनही गावपातळीवर हाच ग्रामसेवक नेमलेला आहे. म्हणजे लग्नाची नोंद ज्याच्याकडे न्यायची, लग्नाचं वय कमी असेल तर गुन्हा नोंदवायचाही त्यानेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. हे प्रमाण साऱ्या राज्याचं आहे, फक्त जंगलातलं नाही. या बायका नोंदणीकडे फिरकणार कशा? २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न सहसा आपोआप रद्द ठरत नाही. अल्पवयात लग्न झालेल्याने ठरावीक मुदतीत मागणी केली तर ते रद्द करता येतं, नाहीतर ते टिकतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती बायको आहे, पण तसा कागद मागायला गेली तर घरचे आरोपी होतात. मग सोपा उपाय निघतो, तारीख पुढची सांगायची. नोंदवही स्वच्छ दिसते आणि खोटी असते. बालविवाह थांबवणं आणि लग्नांचा हिशोब ठेवणं ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हाती दिल्याने दुसरं काम बिघडलं, असं माझं मत आहे. पहिलंही फारसं साधलेलं नाही.

राज्यसत्तेचा लग्नाच्या नोंदीतला रस काही आजचा नाही. पेशवाईत लग्नटका होता, विधवेने पाट लावला तर पाटदाम होता. तेव्हा हिशोब कराचा होता. पुढे इंग्रजी अमलात ज्या समाजांकडे आधीपासून वही होती, त्यांचा कागद झाला. चर्चच्या नोंदी होत्या, काझीचा निकाहनामा होता, पारशांना १८६५पासून स्वतंत्र कायदा होता. ज्यांचं लग्न नाचगाण्यात आणि साऱ्या गावाच्या साक्षीने लागतं, त्यांची वही कुणी घातलीच नाही.

कागद नसल्याने इतकी वर्षं अडत नव्हतं, हेही खरं. आता अडतं. बाईचं आधार माहेरच्या नावाचं, शिधापत्रिका सासरच्या गावची, बँकेचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगचं. ही तीन नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा सर्वांत सरळ दाखला म्हणजे विवाह प्रमाणपत्र. २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा नवविवाहितेचं नाव शिधापत्रिकेवर चढलेलं नसेल तर विवाह प्रमाणपत्रासह नवऱ्याची शिधापत्रिका चालेल, अशी सवलत देण्यात आली. सवलतच, पण ती घेण्यासाठी पुन्हा तोच कागद हवा. आंतरजातीय विवाहाला मिळणारं ५० हजारांचं अर्थसाहाय्यही या कागदावाचून नाही. भामरागडच्या पूर्वेला लगेच छत्तीसगड लागतं. नारायणपूर, बिजापूरकडच्या गावांशी इथल्यांचे रोटीबेटीचे संबंध राज्यांच्या सीमा आखल्या जाण्याच्या आधीपासूनचे. तिकडून आलेल्या सुनेचे शाळेचे, जातीचे दाखले तिकडचे. जमातीचा दाखला वडिलांच्या बाजूने मिळतो, नवऱ्याच्या नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत दोन राज्यांच्या कचेऱ्यांना जोडणारा दुवा हे प्रमाणपत्रच असतं.

कोर्टात तर आणखी पेच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) सांगतं, की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. रूढी टिकावी म्हणून ही तरतूद चांगलीच आहे. पण तिची दुसरी बाजू २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसली. सूरजमणी स्टेला कुजूर यांनी नवऱ्याने दुसरं लग्न केल्याची फिर्याद केली होती. पत्नी उरांव, पती संथाल. न्यायालय म्हणालं, दुसरं लग्न बेकायदा ठरवणारी रूढी तुमच्या जमातीत आहे हे तुम्हीच मांडून सिद्ध करायला हवं. ते झालं नाही आणि फिर्याद टिकली नाही. हिंदू बाईला कायद्याचं कलम दाखवलं की पुरतं, आदिवासी बाईला आपल्या समाजाची परंपराच साक्षीपुराव्यानिशी उभी करावी लागते. नोंदीने ही रूढी सिद्ध होत नाही, पण निदान पहिलं लग्न झालं होतं यावर वाद राहत नाही.

जमातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी १९५४चा विशेष विवाह कायदा. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत, सिरोंच्यात तेलुगू बोलणारी गावं आहेत. अशी लग्नं होतात. पण इथे विवाह अधिकारी ग्रामसेवक नसतो. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवसांचं वास्तव्य हवं, मग नोटीस, मग आक्षेपांसाठी ३० दिवस, मग तीन साक्षीदारांसह हजेरी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून. सिरोंचा ते गडचिरोली रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर. तीन साक्षीदारांचं भाडं, जेवण, बुडालेली मजुरी हा खर्च कुठल्याही शुल्काच्या तक्त्यात नसतो. नोटीस आता ऑनलाइन देता येते, हजेरी मात्र द्यावीच लागते. घरच्यांना नको असलेल्या लग्नाची नोटीस महिनाभर फलकावर राहणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

शेजारच्या गोव्यात गाडी उलट्या दिशेने चालते. तिथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१०चा विवाहविषयक हुकूम यांच्या परंपरेत नागरी नोंद आधी, बाकी सगळं नंतर. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग नोटिशीची मुदत, मग दुसरी सही. पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं, या समजुतीवर विसंबून दुसरी राहूनच गेलेल्या बायका तिथेही फसलेल्या आहेत. पण सांगे किंवा काणकोणच्या आडगावातल्या बाईचंही लग्न नोंदीशिवाय लागत नाही, म्हणून गोव्यात लग्नाचा कागद ही चैन नाही.

देशपातळीवर हा विषय दारापर्यंत येऊन परत जातो. १९९३मध्ये भारताने स्त्रियांविषयीच्या भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर मोहोर उठवताना सांगितलं, की सक्तीची विवाह नोंदणी तत्त्वतः मान्य. पण एवढ्या मोठ्या देशात, इतक्या चालीरीती, धर्म आणि साक्षरतेच्या पातळ्या असताना ती व्यवहार्य नाही. १४ फेब्रुवारी २००६ला सर्वोच्च न्यायालयाने ‘सीमा विरुद्ध अश्वनी कुमार’ खटल्यात सर्व राज्यांना सक्तीच्या नोंदणीचे नियम करायला सांगितलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात विवाहाचीही भर घालणारं विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत संमत झालं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. २०१७मध्ये विधी आयोगाने २७०व्या अहवालात तीच शिफारस पुन्हा केली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी विवाह नोंदणीला जन्माचा दाखला हाच वयाचा पुरावा ठरला. त्यातली पहिली वधू अठरा वर्षांची होईल २०४१मध्ये. तोवर वयाचं काय, हा प्रश्न आजच्या सुनांना विचारावा.

खरं तर तोडगा याच जंगलात, दुसऱ्या एका कायद्याच्या नियमांत पडलेला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४)प्रमाणे वनजमिनीचा पट्टा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. आणि दावा सिद्ध करण्यासाठी जे पुरावे ग्राह्य धरलेत, त्यांत २००८च्या नियमांतल्या नियम १३ने दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं निवेदन हाही पुरावा मानला आहे. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावच्या म्हाताऱ्याच्या शब्दावर जमिनीचा दावा उभा राहतो, पण त्याच म्हाताऱ्याने ‘ही याची बायको’ म्हटलं तर ग्रामसेवक पत्रिका मागतो. १९९६च्या पेसा कायद्याने चालीरीती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहेच. नमुना ‘ड’मध्ये पुरोहिताऐवजी ग्रामसभेचा ठराव किंवा गायत्याचा अंगठा घ्यायला संसदेकडे जावं लागणार नाही, राज्याच्या नियमांत एक दुरुस्ती पुरते. तारखेच्या रकान्यात ‘तेव्हापासून एकत्र राहतात’ असं लिहायची मुभाही त्यात घालता येईल.

मात्र सगळा भार ग्रामसभेवर टाकला तर नवी दारं बंद होतील. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळं असतात आणि सारख्या देवसंख्येच्या कुळांत सोयरीक चालत नाही. तरीही अशा कुळांत लग्न केलेल्या जोडप्यासाठी गायता अंगठा उठवणार नाही, ग्रामसभा ठराव करणार नाही. जमातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलेल्या मुलीचंही तेच. नवऱ्याने दुसरी आणली म्हणून पहिलीने कागद मागितला, तर गावातले वडीलधारे कुणाच्या बाजूने बोलतील हेही गावागणिक बदलेल. तेव्हा ठरावाची वाट उघडतानाच तीन साक्षीदारांवर होणारी साधी नोंद तशीच राहायला हवी, त्या साक्षीदारांना गावाबाहेरचे असण्याची मुभा हवी आणि विशेष विवाह कायद्याचा अधिकारी महिन्यातून एकदा तरी अहेरी, सिरोंच्यात बसायला हवा.